आमसुली सतरंजी

सतरंजीला उलटी बाजू नसते. हे वाक्य मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले आणि तरी गिऱ्हाईक सतरंजी उलटी करून बघतच राहिलं. पुण्यात लोक विश्वास जरूर ठेवतात, पण तपासून.

चादरीला उलटी बाजू असते, गालिच्याला असते, माणसाला तर असतेच. सतरंजीचं तसं नाही. तिच्यात आडवे धागे उभ्या धाग्यांना दोन्ही अंगांनी इतके गच्च झाकून टाकतात की नक्षी वरून दिसते तशीच खालूनही दिसते. उभे धागे आधी मागावर ताणून घ्यायचे, मग रंगीत आडवा धागा हातानं एकाआड एक ओवायचा आणि लोखंडी पंज्यानं ठोकून बसवायचा. पंजा म्हणजे वाकड्या बोटांचा जड फणाच. तो जितका जोरात बसेल तितकी सतरंजी टिकते. बाकी या धंद्यात गूढ काही नाही. पाठ मात्र मजबूत लागते.

आमची संस्था सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वर दोन खोल्यांत होती. गरीब वस्त्यांमधल्या बायकांना हाताला काम मिळावं म्हणून तिथं शिवण, मसाले, पापड असं सगळं चाले. पापडांची पुण्याला टंचाई नव्हती, पण हातविणीच्या सतरंज्या बाजारातून उठत चालल्या होत्या. त्या पुन्हा सुरू कराव्यात हे खूळ माझं. कागदोपत्री मी 'विणकाम संयोजिका' होते. प्रत्यक्षात लुनाच्या मागं सुताचं पोतं बांधून मी गावभर हिंडत असे आणि घरचे मला पिंजारी म्हणत.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक निवृत्त गृहस्थ स्वतःची टेप घेऊन आले. सतरंजी चारही बाजूंनी मोजली, उलटी केली, पुन्हा मोजली. मग चपला काढून आमच्या ऑफिसातच तिच्यावर आडवे झाले.

"अहो, हे काय?" मी म्हटलं.

"मी दुपारी झोपतो. वस्तू वापरून बघायला बंदी आहे का?" असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. चांगली झोप काढून उठले आणि म्हणाले, "ठीक आहे." पुण्यात याहून मोठी शाबासकी नसते. मी ती अजून जपून ठेवली आहे.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट एकाच सतरंजीची, आणि ती सुरू होते विश्रांतवाडीला गफूरचाचांच्या घरी.

गफूरचाचा पिढीजात सतरंजी विणणारे. कितीतरी पिढ्या पुण्यात राहिलेलं घर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांचा माग पुढच्या खोलीत होता खरा, पण त्यावर ओल्या चादरी वाळत होत्या. थोरला मुलगा सलीमभाई दुकानदारीत, धाकटा मिळेल त्या गाडीवर ड्रायव्हर. मागावर बसायला कुणी तयार नव्हतं. मी माझं भाषण सुरू केलं तेव्हा चाचांनी हात जोडले. "ताई, अब कौन बैठेगा?" आतल्या दारातून आवाज आला, "मी बसते." ती धाकटी सून, शहनाज.

चाचा म्हणाले, "बेटी, पंजा मारना औरतों का काम नहीं. ताकद लगती है."

"अब्बा, घरात पाटा-वरवंटा कोण चालवतं?"

चाचा हसले तिथंच ते हरले. वर्षभरात शहनाजची वीण अशी बसू लागली की चाचा तिच्या सतरंजीवर बोट घासून बघायचे आणि तिच्यासाठी चहा मागवायचे. त्या कामावर तिच्या दोन्ही मुली शाळेत गेल्या. नवऱ्याला गाडी मिळाली नाही तरी चूल पेटू लागली. एकदा ती मला म्हणाली, "ताई, मागावर बसले की मला कुणी हाक मारत नाही. एवढा एकच वेळ माझा." मला ते फार लागलं. घरात हाकांना किती ओ द्यावी लागते ते मलाही ठाऊक होतं.

अडचण एकच होती. माग पुढची खोली अख्खी खात होता, आणि ते दिवस व्हिडिओ कॅसेटचे होते. गल्लोगल्ली कॅसेट लायब्ररी निघत होत्या. सलीमभाईंना त्याच खोलीत लायब्ररी काढायची होती. माणूस वाईट नव्हता. त्यालाही पोरंबाळं होती. घरात रोज कुरबुर सुरू झाली तेव्हा चाचांनी निकाल दिला. हातात येईल ती पुढची मोठी ऑर्डर शहनाजनं पुरी करायची. गिऱ्हाइकानं ठेवून घेतली तर माग राहील. माल परत आला तर माग मोडून लाकूड काढायचं आणि खोली सलीमची.

ती मोठी ऑर्डर आली गोरेकाकांकडून. सदाशिव पेठेतल्या एका मंगल कार्यालयाचे ते मालक. कार्यालयाच्या प्रत्येक भिंतीवर त्यांच्या हस्ताक्षरातली एक पाटी असे. 'नवरदेवाने पान खाऊन थुंकू नये' ही त्यांतली सौम्य. हॉलच्या मधोमध अंथरायला त्यांना एक भव्य सतरंजी हवी होती, लग्नाच्या मोसमाच्या पहिल्या मुहूर्ताआधी.

"बायकांनी विणली आहे, गरीब आहेत, असलं काही मला सांगू नका," ते म्हणाले. "चांगली असेल तर घेईन. नसेल तर गरिबी तुमची, सतरंजी तुमची."

एवढी रुंद सतरंजी एका मागावर निघत नाही. दोन पट्टे विणायचे आणि मधोमध शिवून जोडायचे, अशीच रीत आहे. वेळ कमी होता म्हणून मी एक पट्टा शहनाजला दिला आणि दुसरा लोणी काळभोरच्या कौसाबाईंना. तिथं गावातल्या एका जुन्या खोलीत संस्थेनं माग टाकला होता. चाचांनीच तो बसवून दिला होता आणि कौसाबाईंना शिकवलंही होतं. कौसाबाई पन्नाशीच्या, विधवा, आवाज खणखणीत. शहनाज आणि त्या एकमेकींना फक्त माझ्या बोलण्यातून ओळखत होत्या.

नक्षी मी चौकटीच्या कागदावर काढून घेतली होती. कौसाबाईंनी कागद उलटासुलटा फिरवला आणि म्हणाल्या, "बाई, ह्यो कागूद वाऱ्यानं उडतुया. मी कागदाकडं बगू का दोऱ्याकडं? तुमी मला नुस्तं सांगा काय काय हाय, मी गानं करते." मी सांगत गेले. पांढरी पट्टी, मोरपिशी काठ, मधे सगळं आमसुली, त्यात चांदण्या. कौसाबाईंनी जात्यावरच्या चालीत तिथल्या तिथं ओवी बांधली.

*पयली पांढरी गं वाट, वाटंला मोरपिशी काठ,*
*आमसुली रान दाट, त्यात चांदण्या गं आठ.*

ओवी म्हणत विणलं की हात चुकत नाही. कुठवर आलो ते गाणंच सांगतं. मला ही युक्ती इतकी आवडली की मी तडक विश्रांतवाडीला जाऊन शहनाजलाही ओवी शिकवली. माझा गळा ऐकून गल्लीतलं कुत्रं उठून गेलं, पण शहनाजनं ओवी चट्कन उचलली. कौसाबाईंना दिलं तसं रंगवलेलं सूत पेठेतून आणून देते म्हटलं तर चाचांना ते मानवलं नाही. परक्याच्या हातचा रंग त्यांना चालत नसे. मी कच्चं पांढरं सूत देऊन आले. चाचा अंगणात स्वतः हंडा चढवणार होते. दोन-चार दिवसांनी येऊन रंग बघते, असं मी सांगितलं.

आणि मला कावीळ झाली.

खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला अंथरुणावर असं खिळवलं की ऑफिसचा जिनाही दिसेना. उसाचा रस आणि बिनतेलाची भाजी खात मी पडून होते. विश्रांतवाडीला किराणा दुकानात फोन होता. तिथून शहनाजचा फोन यायचा.

"ताई, काम मस्त चाललंय. आमसुली तर असा खुललाय, असा खुललाय! अब्बा म्हणतात, असा रंग त्यांनी बऱ्याच वर्षांत काढला नव्हता."

मला उसाचा रसही गोड लागायला लागला.

मी हिंडू लागले तेव्हा मुहूर्त उद्यावर आला होता. दोन्ही पट्टे थेट कार्यालयातच आणून जोडायचे ठरले. दुपारी कौसाबाई लोणीहून टेंपोतून गुंडाळी घेऊन आल्या. विश्रांतवाडीहून रिक्षातून शहनाज आणि चाचा आले. मागोमाग सायकलवर सलीमभाईही आले. बापाची सोबत करायला, असं म्हणाले. खरं म्हणजे खोलीचं काय होतं ते बघायला.

कौसाबाईंनी गुंडाळी उलगडली. गर्द आमसुली. काळपट लाल, भिजवलेल्या आमसुलासारखा तजेलदार. त्यात पांढऱ्या चांदण्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग शहनाजनं तिची उलगडली.

ती पिवळी होती. तळपती, रसरशीत पिवळी.

मी डोळे चोळले. कावीळ उतरलीच नाही असं मला प्रामाणिकपणे वाटलं. मी कौसाबाईंना हळूच विचारलं, "तुम्हाला पण पिवळी दिसतेय का?"

"दिसतीया की. आन् चांगली ढळढळीत दिसतीया."

"शहनाज, अगं आमसुली सांगितला होता ना?"

"मग हा काय आहे?" ती चकित होऊन म्हणाली. "आम म्हणजे आंबा. सुली म्हणजे सोललेला. सोललेल्या आंब्याचा रंग! आणि ओवीत आमसुली रान म्हटलंय. आंब्याचं रान म्हणजे आमराईच ना?"

चाचाही मान डोलावत होते. रंगांची नावं त्यांना हिंदीतलीच ठाऊक, म्हणून सुनेनं सांगितलेला हापूस डोळ्यांपुढं आणून त्यांनी रंग जुळवला होता. शहनाजच्या घरी आमटी-रश्शाला चिंच पडे. आमसूल तिनं जन्मात पाहिलेलं नव्हतं. आणि सदाशिव पेठेत जन्मलेल्या मला आमसूल माहीत नसलेला माणूस असू शकतो, हे सुचलंच नव्हतं.

"आमसुली न्हाय ठाव?" कौसाबाई म्हणाल्या. "माज्या लग्नातलं लुगडं आमसुली व्हतं गं!"

"मावशी, मी तुमच्या लग्नाला नव्हते!" शहनाज रडवेली झाली.

तिला प्रश्न रंगाचा नव्हता. पट्टा परत गेला की संध्याकाळी माग मोडणार होता. सलीमभाई दाराशी उभे होते. त्यांच्या नजरेनं खोलीत कॅसेटची फळी ठोकायला घेतली होती. त्या भरात शहनाजनं पट्टा झर्‌कन उलटा केला. खालून तरी वेगळा निघेल, अशी वेडी आशा. सतरंजीला उलटी बाजू नसते. खालूनही आमराईच निघाली.

नेमके तेव्हाच गोरेकाका आले. शेजारी शेजारी पसरलेल्या दोन पट्ट्यांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे काय आहे?"

"सतरंजी," मी म्हटलं.

"ते दिसतंय. कोणाकोणाची?"

मी पट्ट्यांच्या कडा सारख्या करायला वाकले. कौसाबाई मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कुनाची म्हंजी? एक नवरीकडची, एक नवऱ्याकडची. लग्नाचंच हाय न्हवं हे कार्यालय?"

गोरेकाकांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे. तो चेहरा त्यांनी पाट्या लिहूनच कमावला होता. त्यांनी पिवळ्या पट्ट्यावर पाय रोवून बघितलं, मग आमसुलीवर. वाकून वीण बोटानं ओढून पाहिली.

"वीण उत्तम आहे," ते म्हणाले. "जोडा. उद्या अंथरून बघू. एकाही माणसानं तक्रार केली तर पंगती उठल्या की घेऊन जा."

चांदण्या समोरासमोर येतात की नाही ही धास्ती उरली होती. त्या तंतोतंत आल्या. एक लोणीत गायली, दुसरी विश्रांतवाडीत, पण ओवी एकच होती. दाभण घेऊन दोघी दोन टोकांनी शिवत मधे यायला निघाल्या. आधी फुरंगटून, मग हळूहळू ओवी गुणगुणत. मधोमध भेटल्या तेव्हा कौसाबाई शहनाजच्या लुगड्याला, म्हणजे साडीला, हात लावून म्हणाल्या, "पोरी, पिवळा रंग काडला मातुर झ्याक हाय हां."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी नटूनथटून लग्नाला हजर. आमंत्रण नव्हतं, पण मंगल कार्यालयात एवढं कोण बघतं? नवऱ्याकडचे समजत होते आम्ही नवरीकडच्या, नवरीकडचे समजत होते नवऱ्याकडच्या. आम्ही खांबाआड उभ्या राहून सतरंजीवर डोळे लावले.

लोक आले आणि कुणी न सांगता दोन रंगांवर दोन घरं बसली. वधूकडचे आधी आलेले, ते पिवळ्यावर. वराकडचे आमसुलीवर. मी सुटकेचा श्वास सोडणार तेवढ्यात वराचे मामा उठले.

"पिवळा भाग मुलीकडच्यांना का? मान मुलाकडचा असतो."

"आम्ही आधी बसलो," वधूचे काका म्हणाले. "पिवळं शुभ असतं म्हणूनच बसलो."

"तेच म्हणतोय मी. शुभ आहे तर इकडे द्या!"

आवाज चढले. शहनाजनं माझा दंड असा आवळला की पंजा मारणारा हात म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. "ताई, ही तक्रारच झाली ना?" ती पुटपुटली.

गोरेकाका संथपणे मधे आले. "मंगलाष्टकं होईपर्यंत बसला आहात तसे बसा. मुहूर्त टळला तर दोन्ही रंग काळे." सगळे आपापल्या जागी बसले. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि त्या गर्दीत जे व्हायचं तेच झालं. माणसं उठली, गळ्यात पडली, पोरं शिवणीवरून इकडून तिकडे कोलांट्या मारू लागली. पुन्हा बसले तेव्हा मामा पिवळ्यावर होते आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून वधूचे काका. कोण कुठल्या रंगावर, ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

पंगती उठल्यावर गोरेकाका आमच्या खांबापाशी आले. आम्ही तिथं आहोत हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

"तक्रार आली," ते म्हणाले. शहनाजचा चेहरा उतरला. "दोन्ही घरांना पिवळी बाजू हवी होती. सतरंजी नको असं मात्र कुणी म्हणालं नाही. ती इथंच राहील. आणि जेवून घ्या. चोरून लग्नाला येणाऱ्यांना जेवल्याशिवाय सोडायचं नाही, असा इथला नियम आहे."

शहनाज मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. हसता हसता रडली. कौसाबाई तिची पाठ थोपटत होत्या आणि माझेही डोळे वाहत होते. मी पाहुण्यांना सांगत होते, मुलगी सासरी चालली ना, म्हणून.

पानात आमसुलाचं सार होतं. मी आचाऱ्याकडून सुकी आमसुलं मागून आणून शहनाजच्या तळहातावर ठेवली. तिनं त्या काळ्या चिरमुटलेल्या साली निरखून पाहिल्या, एक चाखली आणि डोळे मिटून घेतले.

"ह्याच्यासाठी एवढं?" ती म्हणाली. "ताई, माझाच रंग बरा."

पुढच्या आठवड्यात कार्यालयात पाटी लागली, 'सतरंजीच्या रंगावरून भांडू नये. सतरंजी एकच आहे.' ती वाचून दुसऱ्या कार्यालयांकडून विचारणा येऊ लागली. सगळ्यांना ती भांडणाचीच सतरंजी हवी. विश्रांतवाडीचा माग जागचा हलला नाही. सलीमभाईंनी लायब्ररी शेजारच्या टपरीत काढली. कॅसेटी कालांतरानं गेल्या आणि सलीमभाई सतरंज्या पोचवायला लागले. आज ते आमचे सगळ्यात खडूस विक्रेते आहेत.

सगळंच गोड झालं असं नाही. चाचा गेले. कौसाबाईही गेल्या, आणि लोणीच्या मागावर त्यांच्यामागं बसायला कुणी मिळालं नाही. मी फिरून फिरून थकले. आसपास कॉलेजं निघाली, पोरींना मागापेक्षा तिथली नोकरी बरी वाटली, आणि त्यांचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. तो माग मी सोडवून शहनाजकडे आणला. कौसाबाईंच्या नावानं त्या गावात काही उभं राहिलं नाही, ही खंत मला बरीच वर्षं होती.

गेल्या महिन्यात मी विश्रांतवाडीला गेले. आता दोन्ही माग एका खोलीत आहेत. शहनाज आजी झाली आहे आणि तिच्या हाताखाली वस्तीतल्या सहाजणी विणतात. मी शिरले तेव्हा ओवी चालली होती, पांढरी वाट, मोरपिशी काठ. माझ्या घरच्या आसनाचा कोपरा उसवला होता. नवीन आलेल्या रेश्माला मी म्हटलं, "जरा आमसुली सूत दे गं."

तिनं पिवळी गुंडी काढून दिली.

"हा नाही. आमसुली."

"हाच आमसुली, ताई," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. मला वय झाल्यामुळे दिसत नाही, असं तिला वाटलं असावं.

मी फळीवरच्या काळपट लाल गुंड्यांकडे बोट दाखवलं. "मग तो कुठला?"

"तो ना? तो कौसाबाई."

शहनाजनं मागावरून मान वर केली आणि पुन्हा पंजा उचलला.

"कौसाबाई कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? रंग आहे तो, ताई. आधीपासून असंच म्हणतात इथं."

मी पिवळी गुंडी परत केली आणि म्हटलं, "मग मला दोन गुंड्या कौसाबाई दे."